खर्चाचें बक्षीस

गेल्या कार्तिकांत आमचे एक जुने विद्यार्थी आमच्या ट्रॉम्बेच्या घरीं दिवाळीच्या फराळास आले होते. हल्लीं ते एका बँकेंत बऱ्याच वरच्या जागेवर आहेत. बोलतां बोलतां असा विषय निघाला कीं, येत्या वर्षीं आम्हां उभयतांचा मुंबईहून गोव्यास, व जमल्यास तेथून पुढें लक्षद्वीपास, समुद्रमार्गें जाऊन येण्याचा विचार आहे. तें ऐकतांच हातांतील चकली तशीच ठेवून ते म्हणाले, "सर, बोटीचे पैसे खिशांतून कशाला देतां? योग्य तें क्रेडिट कार्ड निवडा, घरखर्च सगळा त्यावर टाका. दोन वर्षांत नुसत्या पॉइंटांवर जाऊन याल. फुकट!" आणि लगेच मोबाईलवर तीन कार्डांची माहिती काढून त्यांनीं आमच्यापुढें धरली. ज्यांच्या उत्तरपत्रिकांवर आम्ही एके काळीं हात आंखडून गुण देत असूं, तेच गृहस्थ आज आमच्या वाणसामानावर आम्हांस सढळ हातानें गुण देऊं पाहत होते, याची मोठी मौज वाटली. परंतु ते निघून गेल्यावरही 'फुकट' हा त्यांचा शब्द कांहीं केल्या मनांतून जाईना.

कोणतें कार्ड घ्यावें हा प्रश्न बाजाराचा आहे, तत्त्वज्ञान शिकविणाऱ्यानें त्यांत कां पडावें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या प्रश्नांत 'फुकट', 'बक्षीस' आणि 'ऋण' हे तीन शब्द एकत्र येतात, तो प्रश्न नीतिशास्त्राच्या बाहेरचा राहूंच शकत नाहीं. बक्षीस हें कांहीं गुणाबद्दल, श्रमाबद्दल किंवा निदान नशिबाबद्दल मिळतें, अशी आमची आजवरची समजूत. खर्च केल्याबद्दल मिळणारें बक्षीस हें कोणत्या जातीचें?

समुद्रप्रवासाचें आमचें पहिलें स्मरण 'कोकण सेवक' या बोटीचें आहे. आम्ही त्या वेळीं आठ-नऊ वर्षांचे असूं. वडिलांनीं त्या प्रवासाचे पैसे बिस्किटांच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत पावसाळाभर साठविले होते. दर पगारास डब्याचें झांकण उघडे, नोटा पडत आणि झांकण बंद होई. तिकिटें डेकची, अर्थात् उघड्या जागेवर पथारी पसरून जाण्याची. आईस बोट लागली, आम्हांस लागली नाहीं, आणि पहाटे किनाऱ्यावरचे दिवे दिसूं लागले तेव्हां वडील कांहीं न बोलतां कठड्याशीं उभे होते, एवढें स्पष्ट आठवतें. कोकणांतल्या माणसाला त्या काळीं बोट ही चैन नव्हती, तो गांवचा रस्ता होता, आणि तो रस्ता पुष्कळदां क्रूरही झाला. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं 'जयंती' व 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशीं बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजीं 'रामदास' बोट रेवसला जातांना बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आमची आजी बोटीचें नांव निघालें कीं हात जोडी, तें उगीच नव्हे.

पुढें रस्ते झाले, कोकण रेल्वे झाली आणि गांवीं जाण्याची बोट गेली. ती परत आली ती निराळ्या वेषांत. २०१८ सालीं मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' निघाली. २०२१ च्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया या कंपनीनें 'एम्प्रेस' हें १९९० सालीं बांधलेलें मोठें जहाज मुंबईहून सोडण्यास आरंभ केला. २०२५ सालीं मुंबई बंदरांत सुखनौकांसाठीं मोठें नवें स्थानक उघडलें. ज्या पाण्यावरून आमचे आजोबा पोटासाठीं आले, त्याच पाण्यावर आतां पोहण्याचा तलाव घेऊन जहाज जातें. जावयाचें असें कोठेंच नसतें, केवळ जाणें असतें. यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. ज्यांच्या दोन पिढ्या डेकवर कुडकुडल्या त्यांनीं तिसऱ्या पिढींत खिडकीपाशीं बसून चहा प्यावा, यांत अनीति कोणती? सुख हें स्वतः पाप आहे असें मानणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. प्रश्न आहे तो त्या सुखाचे पैसे कोणी भरावयाचे, हा.

अभ्यासाची संवय वाईट. एकदां विषय हातीं घेतला म्हणजे कागद वाचल्यावांचून राहवत नाहीं. विद्यार्थिमित्रानें दाखविलेल्या कार्डांचीं बारीक अक्षरांतलीं पानें आम्हीं भिंग घेऊन वाचलीं. त्यांतून पहिली गोष्ट ही निघाली कीं, अमेरिकेंत कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन अशा जहाजकंपन्यांच्या नांवाचीं कार्डें आहेत, परंतु आपल्याकडील प्रवासाचीं कार्डें बहुधा विमानकंपन्यांशीं आणि हॉटेलांशीं बांधलेलीं असतात. त्यांचे पॉइंट विमानाच्या तिकिटांत चांगले फळतात, बोटीच्या तिकिटास लावूं गेल्यास त्यांचें मोल निम्म्यावर किंवा त्याहूनही खालीं येतें. विमानतळावरील आरामकक्षांत प्रवेश हें त्यांचें मोठें भूषण, पण इंदिरा गोदींतून सुटणाऱ्या जहाजाच्या प्रवाशास त्याचा उपयोग काय? परदेशी जहाजावर जाणाऱ्यानें तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तेथील खानपानाचा हिशेब बहुधा डॉलरांत होतो आणि शेवटीं एकदम कार्डावर पडतो. परकी चलनाच्या खर्चावर आपल्या बँका साधारणपणें शेंकडा दोन ते साडेतीन आकार घेतात. शंभर रुपयांस एक रुपयाचें बक्षीस घेऊन साडेतीन रुपयांचा आकार देणें हें कोणत्या गणितांत बसतें, तें आम्हांस उमगलें नाहीं.

असो. हें झालें हिशेबाचें. खरी मौज आहे ती व्याजाच्या पानावर.

उधारीचें आपल्या पूर्वजांस वावडें नव्हतें. तीन ऋणें घेऊनच मनुष्य जन्मास येतो असें मानणारे ते लोक. ऋण या कल्पनेवर त्यांनीं सगळा धर्म उभारला. ऋण काढून तूप पिण्याचा उपदेश चार्वाकाच्या नांवावर खपविला जातो खरा. पण त्या बिचाऱ्यास निदान एवढें श्रेय द्यावें कीं, तूप फुकट आहे असें तो कोठेंही म्हणत नाहीं. स्मृतिकारांनीं तर व्याजाचे दर बांधून दिले. याज्ञवल्क्यानें तारण असलेल्या कर्जास दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेंकडा सवा, आणि बिनतारणी कर्जास ऋणकोच्या वर्णानुसार शेंकडा दोन, तीन, चार व पांच असा दर सांगितला आहे. आजच्या कार्डावर बाकी राहिल्यास दरमहा शेंकडा साडेतीनच्या आसपास व्याज लागतें. म्हणजे बँकेनें वर्णभेद मोडला आणि आम्हां सर्वांस क्षत्रिय व वैश्य यांच्या मध्यें कोठें तरी नेऊन बसविलें!

परंतु त्याच ठिकाणीं याज्ञवल्क्य आणखी एक गोष्ट सांगतो, व ती आमच्या विषयास फार लागू आहे. अरण्यांतून जाणाऱ्यानें शेंकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यानें शेंकडा वीस व्याज द्यावें, असें तो म्हणतो. दर ऐकून छाती दडपते. पण त्यामागील न्याय सरळ आहे. जंगलांत चोर आहेत, समुद्रांत वादळ आहे. माल व माणूस दोन्ही गेलीं तर धनकोचें मुद्दलही त्यांबरोबर जावयाचें. तो जास्त घेतो कारण तोही, किनाऱ्यावर बसून कां होईना, त्याच तारवांत चढलेला असतो. आतां समुद्र जवळजवळ निर्धोक झाला आहे. तिकिटाचे पैसे आगाऊ भरलेले, जहाजास विमा, हवामानाचा अंदाज घटकोघटकीं हातीं. मग साडेतीन टक्के कोणत्या वादळाबद्दल? तें वादळ आतां ऋणकोच्या स्वभावांत आहे. त्याची भूल, त्याचा आळस, महिनाअखेरची त्याची ओढाताण यांवर हा दर बांधलेला आहे. आणि पुराण्या धनकोस तारूं बुडूं नये असें वाटत असे, तसें या नव्या धनकोस वाटण्याचें कारण उरलेलें नाहीं.

हें आम्ही पुस्तकांतून बोलत नाहीं. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत एक सेवक होते. नांव सांगण्याचें कारण नाहीं. मुलीच्या बाळंतपणांत त्यांच्या कार्डावर चाळीस हजारांची बाकी झाली. दर महिन्यास हिशेबाच्या कागदावर 'किमान देय रक्कम' म्हणून दोन हजारांचा आंकडा येई आणि ते तो इमानानें भरीत. त्यांची समजूत अशी कीं, वीस महिन्यांत कर्ज फिटेल. एके दिवशीं त्यांनीं तो कागद आमच्यापुढें ठेवला. चाळीस हजारांवर साडेतीन टक्क्यांनीं व्याज चौदाशें. त्या व्याजावर शेंकडा अठरा कर, म्हणजे दोनशें बावन्न. एकूण सोळाशें बावन्न. दोन हजारांतून मुद्दलास लागले तीनशें अठ्ठेचाळीस! आम्हीं तो आंकडा मांडून दाखविला, तेव्हां ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "सर, मी तर एकही हप्ता चुकवला नाहीं." त्या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

हिंदु धर्मशास्त्रांत दामदुप्पट नांवाचा एक नियम होता. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज धनकोस घेतां येऊं नये, असा त्याचा आशय. इंग्रजी अमदानींतही मुंबई इलाख्यांतील न्यायालयें तो मानीत. साडेतीन टक्क्यांनीं ही मर्यादा एकोणतिसाव्या महिन्यांत ओलांडली जाते. सावकारी हाताबाहेर गेली म्हणजे काय होतें, हें १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं दिसलें. शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें गांठलीं, आणि त्यांतील खतें जाळलीं. त्यानंतर चार वर्षांनीं सरकारास शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. आमच्या काळांतही कांहींच झालें नाहीं असें नाहीं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं कार्डाच्या थकबाकीवर सालीना शेंकडा तीसहून अधिक व्याज घेणें ही अनुचित व्यापारप्रथा ठरविली होती. डिसेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, केवळ किमान रक्कम भरीत राहिल्यास फेड महिनेच्या महिने, वर्षेंच्या वर्षें लांबेल, असा इशारा हिशेबावर छापावा लागतो. तो त्या सेवकांच्या कागदावरही असावा. पण मुलगी इस्पितळांत असतां बारीक अक्षरें कोण वाचतो?

आतां 'फुकट' या शब्दाकडे येऊं. बँक आम्हांस जें बक्षीस देते तें आणते कोठून? एक झरा आम्हीं पाहिला, थकलेल्यांच्या व्याजाचा. दुसरा झरा दुकानदाराच्या गल्ल्यांतून निघतो. आम्ही कार्डानें शंभर रुपये दिले म्हणजे दुकानदाराच्या हातीं सुमारें अठ्ठ्याण्णव पडतात. तो कांहीं ते दोन रुपये पदरचे सोसत नाहीं. मालाच्या किंमतींत मिसळतो. ती वाढीव किंमत मग आम्हीही देतों, आणि आमच्या मागें रांगेंत उभी असलेली, मुठींत चुरगळलेली नोट धरलेली बाईही देते. फरक इतकाच कीं, आम्हांस त्यांतला एक रुपया पॉइंटरूपानें परत येतो, तिला येत नाहीं. बॉस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या तीन अर्थशास्त्रज्ञांनीं २०१० सालीं अमेरिकेपुरता हा हिशेब मांडला. रोखीनें व्यवहार करणाऱ्या एकेका कुटुंबाकडून वर्षास सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्या कुटुंबांकडे जातात आणि एकेका कार्डवाल्या कुटुंबास ११३३ डॉलर मिळतात, असें त्यांस आढळलें. आपल्याकडे यूपीआयची सोय झाल्यापासून चित्र थोडें निराळें आहे. परंतु जेथें एकच किंमत सर्वांस आहे आणि परतावा मात्र कांहींनाच आहे, तेथें ओघाची दिशा तीच राहावयाची. गरिबाकडून सधनाकडे वाहणारी ही एक बारीक, बिनआवाजी धार आहे. आणि तिच्या तोंडाशीं आमची बोट बांधलेली आहे.

हें सर्व आम्हीं एके संध्याकाळीं गच्चीवर बसून घरांत समजावून सांगितलें. आमच्या गच्चीवरून खाडीचें पाणी, पीर पावचा धक्का, त्यास लागलेलीं तेलवाहू जहाजें आणि पलीकडे घारापुरीचा डोंगर दिसतो. सुखनौका दिसत नाहीं. घरांतून सर्व शांतपणें ऐकून घेण्यांत आलें आणि मग प्रश्न आला : "अहो, तुम्ही कार्ड घेतलें नाहीं, म्हणून त्या सेवकांचें व्याज एक रुपयानें तरी कमी होणार आहे का?"

आक्षेप बिनतोड आहे. खरोखरच होणार नाहीं. आम्ही न घेतलेला पॉइंट बँकेच्या नफ्यांत राहील, त्या सेवकांच्या घरीं जाणार नाहीं. मग नाकारण्यांत केवळ आपले हात स्वच्छ ठेवण्याचा सोवळेपणा नव्हे काय? आणि सोवळेंच पाळावयाचें तर तें कोठवर? आमचें वेतन ज्या अनुदानांतून येतें, तें काडेपेटीसारख्या वस्तूंवरही कर देणाऱ्यांच्या पैशांतून येतें. ज्या विजेवर आम्ही हा लेख लिहितों, तिच्यासाठीं ट्रॉम्बेच्या धुरांड्यांचा धूर वर्षानुवर्षें कोणाच्या छातींत गेला? मनुष्य समाजांत राहतो म्हणजे दुसऱ्यांच्या ताटांतलें थोडें तरी खातोच. तेव्हां 'परिणाम कांहींच होणार नाहीं' या युक्तिवादापुढें आम्ही दोन दिवस निरुत्तर होतों.

तिसऱ्या दिवशीं आम्हांस असें वाटूं लागलें कीं, या युक्तिवादांत एक गोष्ट सुटते. वेठबिगारीच्या काळांत जहागीरदाराच्या पंक्तीस बसलेला पाहुणा उठून गेल्यानें वेठ्याचें ओझें हलकें होत नसे, हें खरें. पण तो पाहुणा जेवतांना 'हें अन्न आकाशांतून पडलें' असें म्हणूं लागला, तर तो जेवणाहून निराळा असा एक अपराध करतो. आमची हरकत पॉइंट घेण्यास तितकी नाहीं, जितकी त्यास फुकट म्हणण्यास आहे. कर्जानें माणूस बुडतो हें जुनें आहे. कर्जास बक्षिसाचें नांव देऊन तें बक्षीस दुसऱ्याच्या कर्जांतून भागविणें ही खरी नवी युक्ति. नांव बदललें कीं लाज जाते, आणि लाज गेली कीं विचारणें संपतें.

आणि दुसरी गोष्ट, जी सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. त्या दोन दिवसांत आम्हीं एक कार्ड घेतलेंच होतें! विद्यार्थिमित्राचा आग्रह मोडवेना, ही सबब. त्या कार्डाची एक अट अशी कीं, पहिल्या तीन महिन्यांत अमुक एक रक्कम खर्च झाल्यास पॉइंटांचा मोठा ढीग एकदम मिळावयाचा. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस अकरा हजार कमी पडत होते. आम्हीं, वय वर्षें छप्पन्न, स्टोइक तत्त्ववेत्त्यांवर वीस वर्षें व्याख्यानें दिलेले आम्हीं, दादरास जाऊन दोन चाकांच्या बॅगा विकत आणल्या. घरांत तीन बॅगा होत्या, आणि त्या चांगल्या होत्या. दुकानांतून बाहेर पडतांना आम्हांस जो आनंद झाला तो बॅगांचा नव्हता, बोटीचाही नव्हता. आंकडा पुरा झाल्याचा होता. परीक्षेंत पास झालेल्या मुलासारखा आनंद. प्रवासासाठीं खर्च करावयाचा होता, तो खर्चासाठीं प्रवास करावयाचा झाला. त्या बॅगा माळ्यावर आहेत. त्यांकडे पाहिलें कीं वडिलांचा डबा आठवतो. डब्यांतल्या पैशांनीं आमच्याकडून कधीं कांहीं मागितलें नाहीं. ते नुसते वाट पाहत. आणि तीं वाट पाहण्याचीं चार महिन्यांचीं दिवसें हा त्या प्रवासाचाच भाग होता, हें आम्हांस आतां कळतें. प्रवास एका रात्रीचा, पण आम्ही मुलें पावसाळाभर बोटींत होतों.

उधारीविषयीं आमच्या मनांत सरसकट किंतु उत्पन्न झाला, असेंही नाहीं. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यांतून एक मावशी वर्षानुवर्षें आमच्याकडे मासळी घेऊन येतात. सुटे नसले तर "ऱ्हाउं द्या, मास्तर, पुढल्या खेपेला" म्हणून निघून जातात. त्या कोठें लिहून ठेवीत नाहींत, व्याज घेत नाहींत, आणि आमच्याकडून पैसे कधीं बुडाले नाहींत. तेंही ऋणच. पण तेथें धनको आणि ऋणको एकमेकांचीं तोंडें ओळखतात. आम्ही आजारी पडलों तर मावशी विचारपूस करतील, आणि त्यांची होडी चार दिवस लागली नाहीं तर आम्ही विचारूं. बोटीच्या बेताविषयीं त्यांस सांगितलें तेव्हां त्या मोठ्यानें हंसल्या. समुद्रावर कामावांचून जाण्यास माणसें पैसे देतात, हें त्यांस कांहीं केल्या पटेना.

आतां ठरलें तें सांगतों, कारण आरंभीं प्रश्न निवडीचा होता. तें मोठ्या वार्षिक वर्गणीचें, आरामकक्षांचें कार्ड आम्हीं परत केलें. विद्यार्थिमित्र थोडे खट्टू झाले. एक साधें, वर्गणी नसलेलें कार्ड ठेवलें आहे. बोटीचें तिकीट दूरवरून घ्यावयाचें तर तें सोयीचें पडतें, आणि सफर रद्द झाल्यास पैसे परत मागणें सोपें जातें. त्याची पुरी बाकी दर महिन्यास बँकेंतून आपोआप जाईल अशी तजवीज केली आहे. किमान रकमेचा रकाना आम्ही वाचीतही नाहीं. त्यावर जे चार पॉइंट पडतील ते पडोत. त्यांस आम्ही फुकट म्हणणार नाहीं. नाक्यावरच्या वाण्याकडे व भाजीवाल्याकडे कार्ड काढावयाचें नाहीं. आणि त्या सेवकांचें कार्डाचें देणें आम्हीं तिघां सहकाऱ्यांनीं मिळून एकदम भरून टाकलें. ते आतां आम्हांस दर महिन्यास दोन हजार देतात, आणि ते सगळे मुद्दलांतच जातात. बँकेच्या बाईंनीं दूरध्वनीवर त्यांस विचारलें म्हणे, इतक्या चांगल्या ग्राहकास कार्ड बंद कां करावयाचें आहे?

बोटीसाठीं आम्हीं आवर्ती ठेव उघडली आहे. तिची मुदत पुढल्या आश्विनांत भरते, तोंवर पाऊसही गेलेला असेल. डबा शोधला, पण तो आईनें केव्हांच कोणाला तरी पापड भरून दिला होता. खिडकीची खोली घ्यावी कीं आंतली स्वस्तांतली, हा वाद मात्र घरांत अजून मिटलेला नाहीं.